रोमला परत जातेय, या वेळी कारंजीच बघायची आहेत. कुठली आणि कधी?

पाणवेडी
नमस्कार मंडळी. नोकरीमुळे चार वर्षं रोममध्ये काढली, मग सोडून आले, आता नऊ वर्षांनी पाच दिवस परत जायला मिळतंय. तिथे राहत होते तेव्हा बस पकडायची, भाजी आणायची, घरमालकाच्या मागे लागायचं यातच दिवस जायचा, रोज ज्या चौकातून जायचे तिथल्या कारंज्यापाशी दोन मिनिटं थांबलेय असं आठवत नाही. आणि इकडे आल्यापासून रात्री दिवा घालवला की नेमका तोच आवाज आठवतो, आमच्या बिल्डिंगखालचा नाझोने, म्हणजे रस्त्यावरचा पिण्याच्या पाण्याचा नळ, चोवीस तास वाहायचा आणि रस्ता शांत झाला की फक्त त्याचीच धार ऐकू यायची. म्युझियमं बघून झालीत, चर्चही झालीत. सोबत आई आहे, सत्तरीची, चालते छान पण चढ नको. त्रेवीच्या प्रसिद्ध कारंज्याला जाण्यात काही अर्थ उरलाय का तेही सांगा.

पहाटफेरी
त्रेवी सोडू नका, फक्त वेळ बदला. सूर्य उगवायच्या सुमाराला जा. दिवसभर तिथे माणसांचा आवाज असतो, पहाटे पाण्याचा असतो, आणि चौक एवढासा असल्यामुळे तो आवाज भिंतींवर आपटून अंगावर येतो, कोपऱ्यावर वळायच्या आधीच कळतं. डिसेंबर २०२४ ला दुरुस्तीनंतर उघडलं तेव्हापासून काठाशी एका वेळी ४०० च माणसं सोडायचा नियम केलाय, पण पहाटे वरूनच बघितलं तरी पुरे. बाजूला एक छोटं कारंजं आहे, दोन बारीक धारा एकमेकींना छेदून जातात, प्रेमिकांचं कारंजं म्हणतात त्याला, बहुतेक लोक त्याच्याकडे पाठ करून फोटो काढत असतात. ते आईंना नक्की दाखवा.
एक मात्र लक्षात ठेवा, पाण्यात पाय घातला तर दंड, आणि स्पॅनिश स्टेप्स या प्रसिद्ध पायऱ्यांवर आता बसूही देत नाहीत.

नळजोडणी
मी पाणीपुरवठ्यातला माणूस, त्यामुळे माझं बघणं जरा वेगळं. तिथल्या कारंज्यांना पंप नव्हते, सगळा खेळ उताराचा. त्रेवीला येणारं पाणी आक्वा व्हिर्गोचं, म्हणजे इ.स.पू. १९ मध्ये रोमन सेनापती अग्रिप्पाने आणलेली पाण्याची लाइन, साधारण २० किलोमीटर, जवळपास सगळी जमिनीखालून आणि उतार अगदी थोडा. त्यामुळे पाणी भरपूर पण जोर कमी. स्पॅनिश स्टेप्सच्या पायथ्याशी बार्काच्चा कारंजं आहे ना, अर्धी बुडालेली दगडी होडी, ती तशी खोलगट आणि बसकी का केली असेल? तिथे पाणी वर उडणारच नव्हतं, म्हणून कारंजंच खाली नेलं आणि पाणी होडीतून सांडू दिलं. अडचणीतूनच आकार काढलाय, मला तर ते त्रेवीपेक्षा जास्त आवडतं.
याच्या उलट जानिकोलो टेकडीवरचं फोंतानोने कारंजं, १६१२ चं. ते पाणी ब्राच्चानो तळ्याच्या बाजूने उंचावरून येतं, म्हणून अक्षरशः कोसळतं. वर बस जाते, चढायचं काम नाही. संध्याकाळी जा, समोर सगळं शहर दिसतं.

कासवगल्ली
पियात्सा मात्तेई या चौकातलं कासवांचं कारंजं कुणी कसं नाही सांगितलं? १५८० च्या दशकातलं. चार तरुण एका हाताने कासवांना वरच्या कुंडाकडे ढकलतायत, आणि ती कासवं मूळची नाहीतच, सत्तरेक वर्षांनी बसवली. आता वर आहेत त्या प्रतिकृती, कारण एक चोरीला गेलं.
आणि नावोना चौकात चार नद्यांच्या पुतळ्यांचं कारंजं, शिल्पकार बेर्निनीचं, १६५१. त्यातली एक आपली गंगा आहे, हातात वल्हं घेतलेली, आईंना आधी न सांगता तिथे नेऊन उभं करा. गाइड लोक सांगतात की दुसऱ्या नदीने समोरच्या चर्चच्या भीतीने हात वर केलाय, ते खरं नाही, चर्चचं काम सुरू झालं १६५२ ला, कारंजं आधीच पूर्ण झालं होतं.

पाणवेडी
जाऊन आलो! सगळ्यांचे मनापासून आभार. त्रेवीला पहाटे मोजून अकरा माणसं होती. फोंतानोनेपाशी आई अर्धा तास हलली नाही, तुषार उडून चष्मा ओला झाला तरी पुसेना. गंगेसमोर मात्र तिने चप्पल काढली आणि हात जोडले, मी काही बोललेच नाही.
शेवटच्या दिवशी जुन्या घराकडे गेलो. घराचा दरवाजा बदललाय, तळमजल्यावरचं दुकान गेलंय, नाझोने आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे १८७४ पासून बसवलेले ओतीव लोखंडाचे नळ, वाकड्या नळीमुळे नाव पडलं मोठं नाक, शहरात अडीचेक हजार आहेत. नळीच्या तोंडावर बोट दाबलं की वरच्या भोकातून बारीक धार उसळते आणि सरळ तोंडात पिता येते. चार वर्षं रोज बाटली भरली पण हे कधी करून बघितलं नव्हतं. आईने बोट लावलं, मी प्यायले, मग मी लावलं आणि ती प्यायली. दात शिवशिवतील इतकं गार. खालच्या जाळीभोवती तसंच हिरवं शेवाळ आणि तिथेच पाणी पिणारी दोन कबुतरं. मोबाइलवर तीन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून आणलाय, काल रात्री लावला होता.