इंग्रजीत लिहिताना नौदलाचा हुद्दा अचूक असावा, की 'चालतंय' म्हणावं?

गलबत
आमच्या भागातल्या एका संस्थेच्या नौदल दिनाच्या कार्यक्रमाची इंग्रजी पत्रिका तपासायला माझ्याकडे आली होती. पाहुण्यांच्या नावाआधी लिहिलं होतं 'रिटायर्ड नेव्ही कॅप्टन मिस्टर अमुक'. गृहस्थ निवृत्त कमांडर आहेत. दुरुस्ती सुचवली तर उत्तर आलं, "कॅप्टन काय नि कमांडर काय, कोणाला कळतंय?" मला हे पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

यातला 'कॅप्टन' सगळ्यात घोळ घालतो. लष्करातल्या कॅप्टनच्या खांद्यावर तीन तारे असतात आणि नौदलात त्याच्या बरोबरीला लेफ्टनंट येतो. नौदलाचा कॅप्टन मात्र लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचा, चार सोनेरी पट्ट्यांचा. लेफ्टनंट, लेफ्टनंट कमांडर, कमांडर आणि मग कॅप्टन, एवढं चढायला माणसाची उमेदीची वर्षं जातात. इंग्रजी वाक्यात नुसतं 'कॅप्टन अमुक ऑफ द आर्म्ड फोर्सेस' लिहिलंत, तर वाचणारा त्याला तीन पायऱ्या खाली उतरवतो.

त्यातच जहाजाचा प्रमुख कोणत्याही हुद्द्याचा असला तरी त्याला जहाजाचा कॅप्टनच म्हणतात. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळ आयएनएस खुकरी बुडाली. तिचे प्रमुख महेंद्रनाथ मुल्ला हुद्द्यानेही कॅप्टन होते. तिला बुडवणाऱ्या पाकिस्तानी पाणबुडी हँगोरचे प्रमुख अहमद तस्नीम हुद्द्याने कमांडर. दोघंही आपापल्या नौकेचे कॅप्टन, पण 'कॅप्टन तस्नीम सँक द खुकरी' हे वाक्य त्या रात्रीपुरतं चूकच. 'कमांडर अहमद तस्नीम, द कॅप्टन ऑफ हँगोर' हे बरोबर. कराचीवर चालून गेलेल्या निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांचे प्रमुख तर लेफ्टनंट कमांडर होते.

आणि एकदा हुद्दा लिहिला की मिस्टर किंवा श्री नको. निवृत्तीचा उल्लेख नाव संपल्यावर कंसात करावा. निवृत्त माणूस होतो, हुद्दा होत नाही.

रामप्रहर
गलबत, तळमळ पोचली, पण मी विरुद्ध बाजूला आहे. पत्रिका वाचणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांना पाहुणा नौदलातला मोठा अधिकारी होता एवढं कळलं की पुरे. खुद्द नौदलातही बोलताना रिअर ॲडमिरल, व्हाइस ॲडमिरल आणि ॲडमिरल या तिघांनाही सरसकट 'ॲडमिरल'च म्हणतात ना? तिथे चालणारी सूट गावातल्या पत्रिका छापणाऱ्याला का नाही? आपल्याकडे इंग्रजीचं दडपण आधीच फार आहे. त्यात हुद्द्यांचा नवा सोवळेपणा नको.

विदुला
रामप्रहर, बोलण्यातली सूट लेखनात आणली की इतिहास बिघडतो. इंग्रजी मजकुराचं संपादन करते, त्यामुळे रोज बघते. भास्कर सोमण 1962 ते 1966 नौदलप्रमुख होते. इंग्रजी परिचयांत लोक त्यांना बिनदिक्कत 'ॲडमिरल सोमण' करतात, कारण आजचे नौदलप्रमुख ॲडमिरल असतात. पण तेव्हा नौदलप्रमुखाचा हुद्दा व्हाइस ॲडमिरलचा होता. पूर्ण ॲडमिरल झालेले पहिले भारतीय नौदलप्रमुख म्हणजे ए. के. चटर्जी, 1968 साली. नौदलप्रमुख हे पद आणि ॲडमिरल हा हुद्दा, ही सांगड कायमची नव्हती.

हुद्दा घटनेच्या वेळचा हवा, हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या बोटीतून दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करून आले, तेव्हा ते कमांडर होते, कॅप्टन नंतर झाले. 2012-13 मध्ये त्याच बोटीतून कुठेही न थांबता फेरी पुरी करणारे अभिलाष टॉमी तेव्हा लेफ्टनंट कमांडर होते, आणि 2018 ला गोल्डन ग्लोब या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरले तेव्हा कमांडर. इंग्रजीत हुद्द्याआधी 'देन' (म्हणजे 'तेव्हाचे') लावलं की काम होतं. एका शब्दाची तर गोष्ट आहे.

दर्यावर्दी
व्यापारी जहाजावर आयुष्य काढलंय म्हणून लिहितो. कॅप्टन फक्त नौदलाचा असतो असा सूर इथे लागू नये. मर्चंट शिपिंग कायद्यात जहाजाच्या प्रमुखाला 'मास्टर' म्हटलंय हे खरं, पण जगभरच्या बंदरांत त्याला कॅप्टनच म्हणतात आणि परीक्षा देऊन, जबाबदारी पेलून त्याने ते मिळवलेलं असतं. माझ्या नावाआधी कॅप्टन बघून कुणी मला युद्धनौकेवरचा समजला तर तो दोष माझा नाही. नौदलाच्या माणसाच्या नावानंतर 'इंडियन नेव्ही' लिहा, आमच्यापुढे 'मास्टर मरिनर' लिहा. दोघांचाही मान राहतो.

कोकणकडा
मला मूळ गोष्टच खटकते. निवृत्तीनंतर हुद्दा हवाच कशाला? शिक्षक किंवा तलाठी निवृत्त झाल्यावर पद नावाला चिकटवून फिरत नाहीत. लोकशाहीत सगळे नागरिक सारखे.

आणि 4 डिसेंबर 2023 ला मालवणच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी जाहीर केलंच आहे की नौदलातल्या हुद्द्यांना भारतीय परंपरेला साजेशी नावं देणार. मग या इंग्रजी नावांची उठाठेव कशाला?

विदुला
कोकणकडा, समानतेचा मुद्दा संविधानानेच हाताळलाय. अनुच्छेद 18 ने किताब रद्द केले, पण लष्करी आणि विद्याविषयक बहुमान त्यातून वगळले. हा अपवाद जाणूनबुजून केलेला आहे. आणि नावं बदलतील तेव्हा नवी नावंही नीटच लिहावी लागतील. तोवर अधिकारी कमांडर आणि कॅप्टनच आहेत.

मसुदा
गलबतशी बहुतांशी सहमत, पण हुद्द्याला सगळीकडे कॅपिटल अक्षर देण्याची आपल्याकडची सवय सोडायला हवी. नावाला जोडून आला तर कॅपिटल, 'द ॲडमिरल सेड' असा सुटा आला तर लहान अक्षर. इंग्रजी वृत्तपत्रांची हीच रीत आहे. पहिल्या उल्लेखात हुद्दा आणि पूर्ण नाव द्यावं, पुढे आडनाव पुरतं.

गलबत
मसुदा, वृत्तपत्रापुरतं मान्य. पण सेनादलांच्या स्वतःच्या पत्रव्यवहारात सुटा हुद्दाही कॅपिटलनेच लिहितात. निमंत्रण हे त्या पत्रव्यवहाराच्या जवळचं, बातमीच्या नव्हे. तिथे मी कॅपिटलच ठेवीन. नुसतं आडनावही लिहिणार नाही, आपल्याकडे ते उद्धट दिसतं.

दर्यावर्दी, तुमची सूचना पूर्ण पटली.

रामप्रहर, सोवळेपणा म्हणालात म्हणून विचारतो. डॉक्टरांच्या पत्रिकेत एमएस च्या जागी एमडी छापलं तर चालेल का तुम्हाला? इथेच का चालावं? यात इंग्रजी येण्या-न येण्याचा प्रश्नच नाही. पाहुण्यांना एक फोन करून "तुमचं नाव कसं लिहिता?" एवढं विचारायचं असतं.

रामप्रहर
फोन करून विचारावं, हे मान्य. पण विचारूनही चूक राहिली तर पत्रिका परत छापायला लावू नये, एवढं माझं म्हणणं कायम आहे. छोट्या संस्थेला तो खर्च जड जातो. व्यासपीठावर सूत्रसंचालकाने बरोबर हुद्दा सांगितला की पुरे.

गलबत
नाही पटत. सूत्रसंचालकाचं बोलणं तिथेच संपतं, पत्रिका त्यांच्या घरी जपून ठेवली जाते. खर्च जड असेल तर दुरुस्तीची चिठ्ठी छापून चिकटवा.