प्लग-इन हायब्रिड एसयूव्हीसाठी थांबावं का? (रत्नागिरी, रोजचं ५० किमी)

खाडीकाठ:
आई-बाबा धरून पाच माणसं, जुनी डिझेल गाडी आता काढायचीय. रोज पालीला जाऊन येऊन आणि इकडची तिकडची कामं धरून ५० किमी होतात, महिन्यातून एकदा बाबांना घेऊन आंबा घाटातून कोल्हापूर, अधूनमधून मुंबई. माझं मत विचाराल तर कोकणातल्या माणसासाठी प्लग-इन हायब्रिडच बरोबर, म्हणजे घरच्या सॉकेटवर चार्ज होणारी मोठी बॅटरी आणि सोबत पेट्रोल इंजिन. गाडी अंगणात, सॉकेट पडवीत, रात्री लावून ठेवायची, सोसायटीची एनओसी मागत फिरायला नको. बाहेरच्या देशात मित्सुबिशी आउटलँडरची प्लग-इन मिळते तिची बॅटरी वीसेक युनिटची, म्हणजे ६० किमी आरामात, माझं रोजचं सगळं त्यात बसतं. लांब जायचं तर टाकीत पेट्रोल आहेच. आपल्याकडे ही जात अजून लक्झरीवाल्यांकडेच जास्त, म्हणून वर्ष-दोन वर्षं थांबायचा विचार आहे.

हातखंबा_तिठा:
थांबू नका हो. हिशोब करा. तुमच्या बाजूने झुकून बॅटरीवर १०० किमीला २० च युनिट धरा, युनिट १२ रुपयाने २४० रुपये. हायरायडर नाहीतर ग्रँड विटाराची स्ट्राँग हायब्रिड (प्लग नाही, छोटी बॅटरी गाडी चालतानाच भरते) कागदावर लिटरला २७.९७ किमी देते, आपण २० च धरू, पेट्रोल १०४ ने ५२० रुपये. १०० किमीमागे २८० वाचले, तुमच्या रनिंगला वर्षाचे चाळीसेक हजार. प्लग-इन पाच-सात लाखांनी महाग पडली तर ते फिटेपर्यंत मुलगा लायसन्स काढेल. आणि सप्टेंबर २०२५ पासून ईव्हीला जीएसटी ५ टक्के, या साईझच्या हायब्रिडला मात्र ४०, प्लग असला काय नसला काय. सरकारने सवलत कुणाला द्यायची ते ठरवूनच टाकलंय.

भाट्ये_बीच:
मग सरळ ईव्ही घ्या ना! एका गाडीत दोन यंत्रं कशाला पोसायची, इंजिन ऑइलही बदला आणि बॅटरीही सांभाळा. समृद्धी, एक्सप्रेसवे, अटल सेतूवर टोल माफ आहे ईव्हीला.

खाडीकाठ:
त्यातला अटल सेतू तेवढा आमच्या वाटेला, तोही मुंबईत शिरताना. घाटात चार्जर शोधत बसायची माझी तयारी नाही, बाबा सोबत असतात.

मंडणगडी:
निसर्ग वादळ आठवतंय का, ३ जून २०२०? आमच्याकडे कित्येक दिवस लाईट नव्हती. तेव्हा दारात नुसती ईव्ही असती तर शोभेचीच. उलट जपानमध्ये आउटलँडर प्लग-इनला १५०० वॅटचं सॉकेट येतं, बॅटरी संपली की इंजिन चालू होऊन वीज करतं, फ्रीज आणि पंखे चालतात. हे कोण रुपयात मोजणार? माझं मत खाडीकाठला.

हातखंबा_तिठा:
फ्रीजसाठी छोटा जनरेटर घ्या की, त्याला पाच लाख लागत नाहीत 😀 शिवाय लोक प्लग लावतच नाहीत हो. युरोपियन कमिशनने २०२४ मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांचा डेटा काढला, प्लग-इनचं प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन कागदावरच्या आकड्याच्या साडेतीनपट निघालं. कंपनीच्या गाड्या, पेट्रोल कार्ड साहेबाचं, केबल डिकीत गुंडाळलेली.

खाडीकाठ:
माझं पेट्रोल कार्ड मीच भरतो, मी लावीन.

साखरपा_स्टॉप:
घाटाचं कुणीच बोललं नाही. माणसं धरून १६०० किलोची गाडी चारशे मीटर खाली उतरली तर पावणेदोन युनिट ऊर्जा सुटते, त्यातली अर्धी रस्ता आणि वारा खातो, उरलेली मोटर बॅटरीत परत भरू शकते. स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी पाऊण युनिटच्या आसपास, ती उतार संपायच्या बऱ्याच आधी भरते, मग पुढचं सगळं इंजिन आणि ब्रेकवर. प्लग-इनची बॅटरी मोठी, ती हवं तेवढं परत घेते, फक्त वरून निघताना फुल्ल नको. आंबा घाटात महिन्यातून एकदाच जाणार असाल तर मात्र यावर पैसे घालू नका.

कुडाळचो_गाडीवालो:
रे बाबा, पेट्रोल टाकीत महिनो महिनो पडान रवला तर काय? आता इथेनॉल मिसळतत, ता हवेतला पाणी ओढता, आणि आमच्याकडे पावसात हवेत पाणीच आसा.

साखरपा_स्टॉप:
मुद्दा बरोबर, पण बऱ्याच प्लग-इन मधूनमधून स्वतःच इंजिन फिरवून घेतात. महिन्याची कोल्हापूर फेरी आहेच, टाकी निम्मीच भरत जा.

भाट्ये_बीच:
म्हणजे पेट्रोल जाळायचं कारण हवं म्हणून कोल्हापूर. वा.

खाडीकाठ:
कोल्हापूर डॉक्टरसाठी आहे हो. बरं, जुनी डिझेल अजून एक वर्ष ओढते असं मेकॅनिक म्हणतोय, तेवढं बघतो, मग जे असेल ते. तोवर सॉकेट बदलून घेऊ का?

हातखंबा_तिठा:
सॉकेट नंतर, आधी वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या. आपल्या जांभ्यात एप्रिल-मेमध्ये अर्थिंग पार सुकतं, आणि ते नीट नसेल तर बरेच चार्जर चालूच होत नाहीत. ईव्ही घेतलीत तरी लागणारच आहे.