रेल्वे कंपनीची आगबोट? एसएस ब्रसेल्सबद्दल माहिती हवी

सागरवेडा:
एसएस ब्रसेल्स या ब्रिटिश बोटीबद्दल वाचत होतो, मालक म्हणून चक्क ग्रेट ईस्टर्न रेल्वेचं नाव आहे. रेल्वेवाल्यांना बोटी कशाला लागायच्या? आणि पहिल्या महायुद्धात हिच्या कॅप्टनला जर्मनांनी गोळ्या घातल्या, ते प्रकरण काय होतं?

रूळ_आणि_लाटा:
अहो रूळ समुद्रापाशी संपतात ना, पण पॅसेंजरला तर पुढे हॉलंड-बेल्जियमला जायचंय, मग ते भाडं दुसऱ्याला का द्यायचं! या कंपनीला १८६३ मध्येच पार्लमेंटकडून बोटी चालवायची परवानगी मिळाली होती, १८८३ मध्ये इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हार्विच बंदराजवळ पार्कस्टन धक्का बांधला, लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनहून गाडीत बसायचं ते थेट धक्क्यावर उतरून बोटीत. ब्रसेल्स त्याच सर्व्हिसमधली, १९०२ ची, स्कॉटलंडमधल्या डंडीत बांधलेली.

जुनी_पानं:
कॅप्टनचं नाव चार्ल्स फ्रायट. मार्च १९१५ मध्ये आधी तो रेक्सहॅम नावाच्या बोटीवर होता, जर्मन पाणबुडी मागे लागली तर बॉयलर फुटेस्तोवर कोळसा घालून तो रॉटरडॅमला सुखरूप पोचला, कंपनीने सोन्याचं घड्याळ दिलं. त्याच महिन्यात २८ तारखेला ब्रसेल्सवर असताना यू-३३ या जर्मन पाणबुडीने थांबायचा इशारा केला, हा थांबला नाही, उलट फुल स्पीडने तिच्यावरच बोट घातली आणि पाणबुडीला घाईघाईने बुडी मारावी लागली. यावेळी घड्याळ नौदलाकडून. जून १९१६ मध्ये जर्मन विनाशिकांनी ब्रसेल्स पकडली आणि घड्याळावर कोरलेला तो कौतुकाचा मजकूरच त्याच्याविरुद्ध पुरावा झाला. २७ जुलैला बेल्जियममधल्या ब्रूजमध्ये जर्मनांचं लष्करी कोर्ट बसलं आणि त्याच संध्याकाळी गोळ्या घातल्या. मला हे वाचून आजही संताप येतो.

तटस्थ:
संताप समजतो, पण जर्मनांचा मुद्दा असा होता की तो सैनिक नाही, मग हल्ला कसा केला?

जुनी_पानं:
पण १९१५ च्या फेब्रुवारीतच त्यांनी जाहीर केलेलं की ब्रिटनभोवती दिसेल ते व्यापारी जहाज बुडवू. मग कॅप्टनने काय करायचं, थांबून पॅसेंजरांसकट बुडायचं? त्याने स्वतःची बोट वाचवली, याला गुन्हा म्हणणं मला तरी पटत नाही.

सागरवेडा:
पटलं. आणि बोटीचं पुढे काय झालं?

रूळ_आणि_लाटा:
ऑक्टोबर १९१८ मध्ये माघार घेताना जर्मनांनी बेल्जियमच्या झेब्रुग बंदरात बुडवली, १९१९ मध्ये वर काढली. फ्रायटचं शव त्याच वर्षी ब्रिटनला आणलं, लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये प्रार्थना होऊन हार्विचजवळ डोव्हरकोर्टला दफन झालं. बोट लेडी ब्रसेल्स नावाने डब्लिनच्या फेऱ्या करत राहिली, १९२९ मध्ये भंगारात गेली.