मदत हवी आहे: ऑफिस आणि ट्रॅक, दोन्हीला चालेल असा एकच टायर सेट कुठला घेऊ?

वळणवेडा
नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे. तीन आठवड्यांनी थंडरहिलला (कॅलिफोर्नियातला रेस ट्रॅक) ट्रॅक डे आहे, म्हणजे आपलीच गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस, पैसे भरून झालेत आणि टायरचं काही केल्या ठरत नाहीये. रोज ऑफिसला हीच गाडी नेतो त्यामुळे निव्वळ ट्रॅकवाले टायर नकोत, आणि साधे घेतले तर ट्रॅकवर वाट लागेल असं सगळे म्हणतात. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस घेऊ का ब्रिजस्टोन आरई-७१आरएस? व्हिडिओ बघून बघून डोकं भंजाळलंय. मागच्या वेळी पुढचे दोन्ही टायर एका दिवसात खाल्ले गेले, परत तसं नकोय. ज्यांनी खरंच वापरलेत त्यांनीच सांगा प्लीज.

सनीवेलकर
अहो पण गाडी कुठली? साइझ काय? वर्षातून ट्रॅकवर किती वेळा जाता? हे काहीच न सांगता कोण काय सांगणार?

वळणवेडा
सॉरी सॉरी. टोयोटा जीआर८६, २०२२ ची, मॅन्युअल. २१५/४० आर१८. फेब्रुवारीत सेकंडहँड घेतली. ट्रॅकवर आत्तापर्यंत एकदाच गेलोय, यंदा अजून तीनदा जायचा विचार आहे. ऑफिस फ्रीमॉन्टहून सॅन होजे, रोज.

आरपीएम_८०००
डोळे झाकून ७१आरएस घ्या. मी तीन सेट संपवलेत. लगुना सेका ट्रॅकवर कॉर्कस्क्रू नावाच्या उतरत्या वळणाआधी ब्रेक मारताना जो विश्वास वाटतो ना तो ४एस वर कधीच आला नाही मला. ४एस चांगला आहे पण तो रस्त्याचा टायर आहे, पाचव्या-सहाव्या लॅपला तापला की लोण्यासारखा होतो आणि मग वीस मिनिटांच्या सेशनमधली शेवटची दहा मिनिटं नुसती गाडी सांभाळण्यात जातात. एवढे पैसे भरून जायचं आणि सांभाळत बसायचं?

सनीवेलकर
आरपीएम, तुमचं ट्रॅकचं पटतंय पण ते रोज ८८० हायवेने ऑफिसला जातात हो. ७१आरएस चा ट्रेडवेअर (झिजेचा आकडा, कमी म्हणजे लवकर झिजणार) २००, ४एस चा ३००. वर ट्रॅकवर झिजून खाचा उथळ झाल्या की जानेवारीच्या पावसात तो टायर पाण्यावर तरंगतो. माझी गाडी एकदा मिलपिटासजवळ तिसऱ्या लेनमधून दुसरीत गेली, स्टिअरिंग सरळ असताना. बायको शेजारी होती. त्यानंतर मी दोन सेट केले.

आरपीएम_८०००
ट्रेडवेअरचा आकडा कंपनी स्वतःच टाकते, एकाचे २०० आणि दुसऱ्याचे २०० सारखे नसतात. त्यावरून भांडण्यात अर्थ नाही.

घाटमाथा_पुणे
मी पुण्यात असतो, ट्रॅकवर चेन्नईला इरुंगट्टुकोट्टईला एकदाच गेलोय, पोलो घेऊन. माझं ऐका, टायर कुठलाही घ्या पण नायट्रोजन भरा. एक्सप्रेसवेवर मे महिन्यात टायर फुटतात ते साध्या हवेमुळे. मी गेली सात वर्षं नायट्रोजनच भरतो, एकदाही त्रास नाही.

सनीवेलकर
साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो दादा. एक्सप्रेसवेवर फुटतात ते हवा कमी, लोड जास्त आणि टायर जुने म्हणून. कोरडी हवा असली की झालं.

घाटमाथा_पुणे
अनुभवाचं बोलतोय, पुस्तकातलं नाही. बरं, तिकडे भरपूर मराठी लोक ट्रॅकवर जातात का? गणपतीत कधी भेटता का सगळे?

मीनल_टी
थोडं सविस्तर लिहिते. मी विकेंडला ट्रॅक डेजना नवीन लोकांच्या शेजारी बसून शिकवते, सहा वर्षं झाली. वळणवेडा, कुठला टायर हे नंतर बघू. आधी तीन गोष्टी सांगा. एक, मागच्या वेळी टायर नेमके कुठे झिजले, मधे का बाहेरच्या कडेला? दोन, अलाइनमेंट कधी केलंत आणि पुढचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, किती आहे? तीन, साइडवॉलवर डीओटी ने सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात ते वाचून इथे टाका. कदाचित आतल्या बाजूला असतील, गाडीखाली मोबाइल घालून फोटो काढा.

निवांत_न्यूजर्सी
अवांतर, पण नवी जीआर८६ घेणाऱ्याला टोयोटा नासाचं वर्षभराचं सभासदत्व आणि एक ट्रॅक डे फुकट देते ना? आधीच्या मालकाने तो वापरला होता का ते विचारा, म्हणजे गाडी किती पिदडलीय ते कळेल.

घाटमाथा_पुणे
नासा म्हणजे ती रॉकेटवाली?

निवांत_न्यूजर्सी
नाही हो, नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन.

वळणवेडा
मीनलताई, आत्ता खाली जाऊन बघितलं. पुढच्या टायरची बाहेरची कड पूर्ण गोटा झालीय, बोट फिरवलं तर रबराच्या बारीक वळ्या निघतात, खोडरबर घासल्यावर निघतात ना तशा. आतल्या बाजूला मात्र खाचा छान आहेत. अलाइनमेंट केलेलं नाही, गाडी सरळ जाते म्हणून. आकडे १४१८ आहेत, चारही टायरवर.

सनीवेलकर
१४१८ म्हणजे २०१८ चा चौदावा आठवडा! गाडी २०२२ ची!!

वळणवेडा
म्हणजे विकणाऱ्याने स्वतःचे नवे टायर काढून कुठलेतरी जुने चढवून दिले मला? "टायर भरपूर शिल्लक आहेत" म्हणाला होता आणि मी ट्रेडची खोली बघून खुश झालो. या टायरवर मी मुलीला मागे बसवून टाहोला जाऊन आलोय.

मीनल_टी
झालं ते झालं, आज-उद्याच बदला. रबर वयाने कडक होतं, खाचा कितीही खोल असल्या तरी. आता तुमचा खरा प्रश्न. कड खाल्ली गेली त्यात टायरच्या ब्रँडचा दोष कमी. ही गाडी कारखान्यातून येते तेव्हा पुढचं चाक जवळपास उभंच असतं. वळणावर गाडी कलली की सगळं वजन बाहेरच्या कडेवर. त्यावर ७१आरएस घातलात तर ग्रिप जास्त, म्हणजे कलणं जास्त, म्हणजे महागडी कड अजून लवकर जाणार. पुढे कॅम्बर बोल्ट टाकून उणे दीड अंशाच्या आसपास आणा, म्हणजे चाक वरून थोडं आत कललेलं, ट्रॅकला जाणारं अलाइनमेंटचं दुकान असेल तर ते समजून करतात. मग सध्या ४एस घ्या, २२५/४० आर१८, तुमच्या साडेसात इंची रिमवर व्यवस्थित बसतो, स्पीडोमीटरमध्ये सव्वा टक्क्याचा फरक पडेल तेवढाच. दुसऱ्याच ट्रॅक डेला असा टायर बरा कारण तो ओरडून सांगतो. कुंई कुंई आवाज वाढत जातो, तुम्हाला कळतं आता पाय हलका करायचा. जास्त चिकट टायर बराच वेळ गप्प धरून ठेवतो आणि सुटतो तेव्हा वेगही जास्त असतो.

आरपीएम_८०००
ताई, इथे माझं पटत नाही. चांगल्या टायरवर शिकलेला माणूस चांगलंच शिकतो. मी पहिल्या दिवसापासून २०० वाल्यांवर आहे.

मीनल_टी
आणि मी अशा दोन जणांना थंडरहिलच्या टर्न ८ ला गवतात जाताना शेजारच्या सीटवरून बघितलंय. तो जोरात घ्यायचा डावा आहे, तिथे चूक सावरायला वेळ मिळत नाही. पाच-सहा दिवस झाले की वळणवेडा खुशाल दुसरा रिम सेट घेऊन त्यावर ७१आरएस चढवोत, मीच सांगेन.

सनीवेलकर
ब्रेक फ्लुइडचं कुणी बोललंच नाही. सेकंडहँड गाडी, कधी बदललंय माहीत नाही. त्यात पाणी मुरतं, तापलं की उकळतं आणि पेडल थेट खाली जातं. थंडरहिल आहे त्या विलोजला उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वरही जातो. टायरच्या आधी ते करा.

निवांत_न्यूजर्सी
आणि इन्शुरन्सचे कागद वाचा. बहुतेक पॉलिसी ट्रॅकवरचं नुकसान देत नाहीत, त्या दिवसापुरती वेगळी मिळते.

वळणवेडा
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. ४एस मागवले, कॅम्बर बोल्ट आणि फ्लुइड पुढच्या बुधवारी. आरपीएम, राग मानू नका, तुमचं ऐकेन पण पुढच्या वर्षी.

वळणवेडा
धागा वर काढतोय, काल जाऊन आलो. चार सेशन झाले, चौथ्यात गरम म्हणून अर्ध्यातच आत आलो. या वेळी कड शाबूत आहे, झीज बरीचशी सारखी दिसतेय. टर्न ५ चढून पलीकडे काही दिसत नाही तिथे पहिल्यांदा घाबरलो नाही. दुपारी मात्र गाडी पुढून सरकत होती, वळायचीच नाही.

मीनल_टी
वा! बाहेर आल्या आल्या हवा मोजलीत का? किती होती?

वळणवेडा
पुढे ४१ पीएसआय. सकाळी दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरली होती, नंतर हातच लावला नाही.

मीनल_टी
तापून हवा फार वाढली, म्हणून सरकली. पुढच्या वेळी प्रत्येक सेशननंतर गरम असतानाच मोजा आणि ३५-३६ पर्यंत सोडा. घरी यायच्या आधी गार झाल्यावर परत भरायला विसरू नका, छोटा कंप्रेसर डिकीत ठेवा.

घाटमाथा_पुणे
नायट्रोजन भरला असतात तर एवढी वाढली नसती.