मदत हवी आहे: लसूण-आल्याच्या व्हिनेगर टॉनिकवर पांढरा थर आलाय

रावेरची_सून:
प्रमाण असं: पांढरं व्हिनेगर ५०० मिली (बाटलीवर ४%), कांदा २०० ग्रॅम, आलं ७५, लसूण ५०, ओली हळद २५, चार लवंगी मिरच्या, मूठभर धुतलेली तुळस. काचेच्या बरणीला पत्र्याचं झाकण. दहाव्या दिवशी वर पांढरा थर, लसूण निळसर-हिरवा, झाकणाला गंज. गाळून वापरता येईल का? आणि घरच्या केळीचं व्हिनेगर वापरलं तर?

तापीकाठ:
फेकून द्या ताई, गाळून भागणार नाही. जिन्नसांमध्ये मिळून पावणेतीनशे मिलीच्या वर पाणी आहे. ते उतरलं की तुमचं ४% व्हिनेगर अडीच टक्क्यांवर येतं आणि तेवढ्या आंबटपणात बुरशी आरामात वाढते. शिवाय तुळस तरंगते. हवेत राहिलेल्या पानापासूनच थर धरतो.

लसणाचा रंग मात्र निरुपद्रवी. आंबटात त्यातली गंधकाची द्रव्यं रंग धरतात, एवढंच.

नव्यानं करताना ५% लिहिलेलं व्हिनेगर ७०० मिली घ्या. कांदा ८०, आलं ६०, लसूण ४०, हळद २०, मिरच्या दोन. हिशेबानं आंबटपणा ४ टक्क्यांच्या आसपास राहतो. तुळस धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडी करा, पानावर थेंबही नको. लिटरची बरणी गळ्यापर्यंत भरा, वर छोटी काचेची वाटी दाबून ठेवा. झाकण प्लॅस्टिकचं, पत्र्याचंच असेल तर मध्ये बटर पेपर. रोज हलवा, सगळं बुडालंय ना बघा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन आठवडे पुरे. गाळल्यावर १०० ग्रॅम मध, मग फ्रिज.

केळीबाग_यावल:
केळीच्या व्हिनेगरबद्दल. चवीला झकास, पण या कामाला नको. घरी किती टक्के आंबट झालं ते कळत नाही. पीएच पट्टी टक्केवारी सांगत नाही, त्यासाठी टायट्रेशन, म्हणजे आम्ल किती आहे ते मोजायची प्रयोगशाळेतली चाचणी लागते. ते सॅलडला वापरा. आणि लावायचं तर दिवाळीनंतर: आंबवणाऱ्या जिवाणूंना २५ ते ३० अंश मानवतात, मे महिन्यातल्या ४४ अंशांत ते टिकत नाहीत.

रावेरची_सून:
आभार दादा. यात गुळवेल घालू का? सासूबाईंना शुगरची गोळी चालू आहे, त्यांना चालेल?

तापीकाठ:
गुळवेल नको. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदवली. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं. वाद मिटेपर्यंत रोजच्या बाटलीत कशाला?

सासूबाईंना डॉक्टरांना विचारूनच द्या. व्हिनेगरनं साखर थोडी उतरू शकते, गोळीबरोबर ती जास्तच उतरायची. वर मधाची साखर वेगळीच. लघवी वाढवणारी गोळी असेल तर रक्तातलं पोटॅशियम कमी होण्याचाही प्रश्न येतो. बाकीच्यांना जेवणानंतर एक मोठा चमचा, पेलाभर पाण्यात. नुसतं घेऊ नका, दात झिजतात. नंतर चूळ भरा, पण लगेच ब्रश नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं काहीच नाही. प्रतिकारशक्ती वाढते म्हणतात, त्याला ठोस पुरावा नाही. जिभेला चव येते, तेवढ्यासाठी घ्या.

केळीबाग_यावल:
या खेपेचा चोथा मात्र टाका. नव्या बरणीचा निघेल तो त्याच दिवशी शेंगदाणे घालून ठेच्यात वाटा, मीठ बेतानं.