टेकुम्सेची हरकत नेमकी कशाला होती, आणि त्याच्याविषयीच्या कोणत्या गोष्टी सांगाव्यात?

सेलूचा वाचक:

नमस्कार. आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी कोणीतरी एखाद्या ऐतिहासिक व्यक्तीवर बोलते. ऑगस्टची पाळी माझ्यावर आली आहे आणि ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाला धरून मी अमेरिकेतील शॉनी जमातीचा पुढारी टेकुम्से हा विषय निवडला आहे. चरित्राचा सांगाडा तयार आहे. १७६८ च्या सुमारास आजच्या ओहायो राज्याच्या मुलखात त्याचा जन्म झाला. १७७४ मध्ये वडील व्हर्जिनियाच्या फौजेशी लढताना पडले आणि १७९२ मध्ये थोरला भाऊ टेनेसीत मारला गेला. १७९५ च्या ग्रीनव्हिलच्या तहाने ओहायोचा बहुतांश भाग हातचा गेला, तेव्हा त्याने त्या तहाकडे पाठ फिरवली. पुढे ५ ऑक्टोबर १८१३ रोजी कॅनडातील थेम्स नदीच्या काठी तो लढता लढता मरण पावला.

माझी अडचण दोन ठिकाणी आहे. जमीन सर्वांची असते, ती विकता येत नाही, असे म्हणून त्याने १८०९ च्या फोर्ट वेनच्या तहाला विरोध केला, असे सगळीकडे वाचायला मिळते. वाचायला ते छानच वाटते, परंतु माझ्यापुढे बसणारी मंडळी शेतकरी आणि मोंढ्यातली आहेत, त्यामुळे "म्हणजे तो जमिनीचा व्यवहारच करू नका म्हणत होता का?" हा प्रश्न येणार हे नक्की. दुसरी अडचण दंतकथांची आहे. पाय आपटून भूकंप घडवला, राष्ट्राध्यक्षांना शाप दिला, जन्माच्या वेळी आकाशातून उल्का गेली, यांपैकी काय सांगावे आणि काय गाळावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कयाधूकाठ:

महसूल खात्यात चौतीस वर्षे नोकरी केल्यामुळे मला हा तह फेरफाराच्या नोंदीसारखाच दिसतो, आणि आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही मला तिथेच सापडते.

३० सप्टेंबर १८०९ रोजी इंडियाना टेरिटरीचे गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसन यांनी डेलावेर, मायामी, पोटावाटोमी अशा काही जमातींच्या पुढाऱ्यांकडून सुमारे ३० लाख एकर जमीन लिहून घेतली. आपला अख्खा नांदेड जिल्हा त्यात ठेवला तरी वर थोडी शिल्लक राहील, एवढे ते क्षेत्र होते. मोबदला म्हणून काही माल आणि दरसालचा सालिना ठरला. शॉनी जमात या तहात नव्हतीच, आणि जे होते त्यांतील पुष्कळांना सालिना बंद पडण्याची धास्ती होती.

टेकुम्सेचे म्हणणे, आपल्या भाषेत सांगायचे तर, असे होते की हे खाते सामाईक आहे, त्याची वाटणी कधी झालेली नाही, त्यामुळे एखाद्या जमातीला स्वतःचा पोटहिस्सा दाखवून दुसऱ्या जमातीलासुद्धा तो विकता येत नाही, मग परक्याला विकण्याची बात तर दूरच. आणि विकायचेच असेल तर सर्व सहहिस्सेदारांची संमती हवी. हवा, ढग आणि समुद्रही का विकत नाही, असे त्याने विचारल्याचे नोंदले गेले आहे आणि लोकांच्या लक्षात तेवढेच राहिले. माझ्या दृष्टीने मात्र त्याच्या भाषणाचा कणा संमतीचा मुद्दा हाच आहे. तो कविता म्हणत नव्हता, कायद्याची हरकत घेत होता. आपल्या श्रोत्यांना हे एका मिनिटात कळेल, कारण त्यांच्यातील निम्म्यांच्या घरी असे एखादे प्रकरण झालेले असते.

मी नवखा तलाठी असताना पाहिलेले एक सांगतो. पाच भावांचा एकच गट होता. थोरल्याने इसार घेतला, दोघांचे अंगठे उमटवले आणि खरेदीखत करून दिले. धाकटा ऊसतोडीहून परतला तेव्हा नमुना नऊची नोटीस चावडीच्या फळ्यावर वाळून पिवळी पडली होती आणि हरकतीचे पंधरा दिवस उलटून गेले होते. त्याने मला एवढेच विचारले की, "मी मेलो होतो का?" ऑगस्ट १८१० मध्ये व्हिन्सेन्सला हॅरिसन यांच्या घरासमोर टेकुम्से उभा राहिला, त्या प्रसंगाचे वर्णन वाचताना मला हा माणूस आठवला.

हॅरिसन यांनी दिलेले उत्तरही पाहण्यासारखे आहे. या सर्व जमातींचे एकच राष्ट्र असावे असे परमेश्वराच्या मनात असते तर त्याने त्यांच्या तोंडी सहा निरनिराळ्या भाषा घातल्या नसत्या, असे ते म्हणाले. म्हणजे त्यांनी सामाईक खातेच नाकारले. त्यावर टेकुम्से उसळून उठला, त्याने गव्हर्नरांना खोटारडे ठरवले, दोन्ही बाजूंनी शस्त्रे निघाली, गव्हर्नरांनी तलवार उपसली, आणि त्या दिवशीचे बोलणे तिथेच थांबले. तहावर सह्या करणाऱ्या पुढाऱ्यांना ठार मारू, अशी धमकीही त्याने दिली होती. ती आपण गाळू नये असे मला वाटते.

अंबाजोगाईचा मास्तर:

कयाधूकाठ यांनी जमिनीची बाजू उलगडून दाखवली आहे, म्हणून मी दंतकथांकडे वळतो. तथापि त्याआधी त्याच्या धाकट्या भावाविषयी बोलले पाहिजे, कारण दंतकथांची मुळे तिथपर्यंत जातात.

हा भाऊ तरुणपणी दारूच्या आहारी गेलेला होता. १८०५ मध्ये त्याला दृष्टान्त झाला, त्याने दारू सोडली, टेन्स्क्वाटावा हे नाव घेतले, आणि गोऱ्यांची दारू व त्यांच्या चालीरीती टाकून वाडवडिलांच्या वाटेने चला, असा उपदेश तो करू लागला. त्याचा प्रभाव वाढलेला पाहून हॅरिसन यांनी डेलावेर लोकांना लिहिले की, हा खरा प्रेषित असेल तर त्याला सूर्य थांबवून दाखवायला सांगा. त्यानंतर १६ जून १८०६ रोजी सूर्यग्रहण झाले, आणि भावाने त्याचे भाकीत आधीच केलेले होते! गव्हर्नरांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतल्याचे याहून चांगले उदाहरण माझ्या वाचनात नाही. १८०८ मध्ये दोघा भावांनी टिपेकनू आणि वाबाश या नद्यांच्या संगमाजवळ प्रॉफेट्सटाउन ही वसाहत वसवली आणि अनेक जमातींचे लोक तिथे येऊन राहू लागले. या जमातींचा संघ उभा राहिला तो आधी भक्तीच्या बळावर. टेकुम्सेने त्याला राजकारणाची चौकट दिली.

आता भूकंपाविषयी. १८११ मध्ये टेकुम्से दक्षिणेकडील चॉक्टॉ, चिकासॉ आणि क्रीक जमातींना संघात आणण्यासाठी गेला. चॉक्टॉ पुढारी पुशमाताहा याने त्याला उघड विरोध केला, म्हणजे दौरा पुरता यशस्वी झाला असे नव्हे. कथा सांगते की, आजच्या अलाबामातील टकाबॅची येथे एका क्रीक पुढाऱ्याचा अविश्वास पाहून तो म्हणाला, मी घरी पोहोचल्यावर पाय आपटीन आणि तुमची घरे कोसळतील. १६ डिसेंबर १८११ रोजी न्यू माद्रिदच्या परिसरात मोठा भूकंप झाला आणि पुढे फेब्रुवारी १८१२ पर्यंत आणखी जबर धक्के बसत राहिले, हे सर्व निर्विवाद आहे. त्याच वर्षी आकाशात मोठा धूमकेतू अनेक महिने दिसत होता, आणि त्याच्या नावाचा अर्थ उल्केशी किंवा आकाश ओलांडणाऱ्या पँथरशी जोडला जातो. मात्र पाय आपटण्याचे ते वाक्य लोकांच्या तोंडून पुढे आलेले आहे, म्हणून ते कथा म्हणूनच सांगावे.

ते गाळू नये, याचे कारण आपल्याकडचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी होतो. गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती, फळीवरची पितळी भांडी खडखडत खाली आली आणि आम्ही अंगणात धावलो. पुढचे कित्येक दिवस प्रत्येक म्हातारी त्या हादऱ्याचे काही ना काही कारण सांगत होती. भूगर्भशास्त्राने दिलेले कारण आम्हाला पाठ्यपुस्तकातून फार उशिरा कळले. जमीन हलली की माणूस कर्ता शोधतो, आणि क्रीक लोकांपुढे तर नुकताच येऊन गेलेला, जमिनीविषयीच बोललेला माणूस होता.

शापाची गोष्ट मात्र मी एका वाक्यात आटोपली असती. १८४० मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेले हॅरिसन पदग्रहणानंतर महिनाभरातच वारले, आणि त्यानंतर १९६० पर्यंत दर वीस वर्षांनी निवडून आलेला अध्यक्ष पदावर असतानाच गेला, हे खरे आहे; पण टेकुम्सेने असा शाप दिल्याचा त्या काळातला पुरावा नाही. ही कल्पना विसाव्या शतकात रूढ झाली आणि १९८० मध्ये निवडून आलेले रेगन गोळी लागूनही वाचल्यावर ती ओसरली.

मोंढा नाका:

मास्तर, आपले लिखाण आवडले. पण एक शंका आहे. हा पुढारी शेवटी इंग्रजांच्या बाजूनेच लढला ना? एका साम्राज्याला विरोध करण्यासाठी दुसऱ्याच्या वळचणीला जाणे याला प्रतिकार कसे म्हणावे? शिवाय पराभव झालाच. मग एवढा गाजावाजा कशासाठी?

किनवटकर:

मोंढा नाका यांची शंका रास्त आहे. मी स्वतः गोंड असल्यामुळे ती मला अनेकदा ऐकावी लागते, फक्त नाव दुसरे असते.

टेकुम्से इंग्रजांकडे गेला तो नाइलाज होता. तो दक्षिणेत असतानाच हॅरिसन सुमारे हजार माणसे घेऊन प्रॉफेट्सटाउनवर चालून गेले. ७ नोव्हेंबर १८११ च्या पहाटे टिपेकनूची लढाई झाली आणि दुसऱ्या दिवशी ती वसाहत, साठवलेल्या धान्यासह, जाळण्यात आली. हिवाळा तोंडावर असताना ज्याचे धान्य जळाले, त्याने बंदुकीची दारू कोठून आणायची होती? १८१२ मध्ये अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध पेटले. इंग्रजांचे जनरल ब्रॉक आणि टेकुम्से यांच्यापुढे १६ ऑगस्ट १८१२ रोजी डेट्रॉइटचा किल्ला शरण आला. परंतु ब्रॉक ऑक्टोबरमध्ये मारले गेले आणि त्यानंतर वाट्याला आलेले इंग्रज सेनापती प्रॉक्टर वेगळ्या मातीचे निघाले. मे १८१३ मध्ये फोर्ट मेग्जजवळ अमेरिकन कैद्यांची कत्तल सुरू झाली तेव्हा ती टेकुम्सेने मध्ये पडून थांबवली. सप्टेंबरमध्ये ईरी सरोवरावरची लढाई हरल्यावर प्रॉक्टर माघार घ्यायला निघाले, तेव्हा त्याने भर सभेत त्यांना शेपूट पायांत घालून पळणाऱ्या लठ्ठ जनावराची उपमा दिली. इंग्रजांविषयी त्याला भ्रम होता, असे यावरून तरी दिसत नाही. तो गेल्यानंतर १८१४ च्या घेंटच्या तहात इंग्रजांनी आदिवासींच्या स्वतंत्र मुलखाची मागणी सोडून दिली.

आणखी एक गोष्ट भाषणात अवश्य यावी. शॉनी जमातीतले बहुसंख्य लोक त्याच्या मागे गेलेच नव्हते. ब्लॅक हूफ या वयोवृद्ध पुढाऱ्याने ओहायोतच राहून शेती पत्करली, अमेरिकेशी मिळतेजुळते घेतले आणि टेकुम्सेला विरोध केला. त्या लोकांनी सरकारला हवे ते सारे केले. तरीही १८३० च्या स्थलांतर कायद्यानंतर, १८३१ च्या तहाने त्यांचीही जमीन गेली आणि त्यांना मिसिसिपीपलीकडे धाडण्यात आले. पराभवाचा हिशोब मांडायचा असेल तर दोन्ही खाती शेजारी शेजारी ठेवावीत.

आमचा किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्याच जिल्ह्यात जोडेघाट येथे १९४० मध्ये निजामाच्या पोलिसांनी कोमराम भीम यांना मारले. जल, जंगल, जमीन ही त्यांची मागणी आज सर्वांच्या तोंडी आहे. पण आमच्याकडचे म्हातारे त्यांच्याविषयी बोलताना आधी हे सांगतात की जंगल खात्याचा माणूस आला की घरातली कोंबडी आधी लपवावी लागे. माझी आजी ते सांगताना अजूनही हात पदराखाली नेते. टेकुम्सेच्या बाबतीत असे घरगुती काही आपल्यापर्यंत पोहोचत नाही, कारण त्याची गोष्ट प्रामुख्याने त्याला हरवणाऱ्यांनी लिहिली.

त्यांनीच ती वापरलीही. रिचर्ड जॉन्सन यांनी टेकुम्सेला आपण मारले या ख्यातीवर १८३७ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपद गाठले, तर हॅरिसन यांनी टिपेकनूच्या नावाने घोषणा देत १८४० ची निवडणूक जिंकली. १८२० मध्ये ओहायोत एका मुलाचे नाव कौतुकाने टेकुम्से ठेवले गेले. तोच पुढे जनरल शर्मन झाला आणि पश्चिमेकडील जमातींविरुद्धच्या युद्धांत सैन्याचा प्रमुख होता. ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत टेकुम्से म्हणून ओळखला जाणारा एक पुतळा आहे आणि परीक्षेला जाताना विद्यार्थी त्याच्यावर नाणी फेकतात. मुळात तो डेलावेर पुढारी टॅमनेंड याचा आहे. मूळ लाकडी पुतळा डेलावेर नावाच्या युद्धनौकेवरून काढून आणला होता. खुद्द टेकुम्सेचा देह मात्र कोणालाच ठामपणे दाखवता आला नाही.

सेलूचा वाचक:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भाषणाचा क्रम मी बदलला आहे. जन्म आणि उल्का मागे टाकून आता सुरुवात १८१० च्या व्हिन्सेन्सपासून करीन. भूकंप किल्लारीच्या सोबतीने सांगेन, शापाला एक वाक्य देईन, आणि ब्लॅक हूफला त्याच्या बरोबरीची जागा देईन. किनवटकर, आपल्या आजींची कोंबडीची आठवण आपली परवानगी असेल तरच, नाव न घेता, सांगेन.

कयाधूकाठ काका, एक विनंती आहे. आपल्याकडे नमुना नऊची कोरी नोटीस असेल का? हातात कागद धरून बोलावे असे मनात आहे.

किनवटकर:

खुशाल सांगा. फक्त कोंबडी गावरान होती, हे सांगायला विसरू नका. आजी त्यावर अडून बसते.

कयाधूकाठ:

आता बहुतेक सारे संगणकावर गेले आहे. तथापि माझ्या लोखंडी पेटीत जुन्या छापील नमुन्यांची एक वही आहे, कडा वाळवीने खाल्लेल्या आहेत. त्यातला एक कागद टपालाने पाठवतो. हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत ज्या ओळीत छापलेली आहे, ती ओळ शाबूत आहे.