एकाच ट्रेमध्ये सगळं लावू नका

कोथिंबीर, पुदिना, गवती चहा आणि कढीपत्ता एकाच लांब ट्रेमध्ये लावायचा बेत असेल, तर तो कृपया बदला. पुदिन्याच्या धावत्या फांद्या दोन-तीन महिन्यांत सगळी माती व्यापतात. शिवाय त्याला हवा असलेला सततचा ओलावा कढीपत्त्याची मुळं कुजवतो. पुदिन्याला वेगळी पसरट कुंडी आणि दुपारच्या उन्हात थोडा आडोसा द्या. कढीपत्ता १४-१६ इंची कुंडीत, भरपूर उन्हात ठेवा. वरची दोन इंच माती सुकली की मगच पाणी घाला.

आता कोथिंबीर. 'धणे पेरले, उगवलेच नाहीत' यामागे बहुतेक वेळा धणे अख्खे पेरणं किंवा जुने असणं हे कारण असतं. एका धण्यात दोन बिया असतात. पोळपाटावर लाटण्याने हलकेच रगडा, दोन डाळिंब्या सुट्या होतील इतपतच. भुगा झाला तर बी वाया गेलं. रात्रभर भिजवून, निथळून एक सेंटिमीटर खोल पेरा. ८ ते १५ दिवसांत कोंब दिसतात. सोटमूळ असल्याने रोपं उपटून दुसरीकडे लावू नका, आणि कुंडी निदान ८ इंच खोल घ्या. एप्रिल-मेच्या उष्म्यात ती लवकर फुलावर जाते, म्हणून तेव्हा सावलीत ठेवून दर १५ दिवसांनी थोडी थोडी पेरत राहा.

गवती चहा सगळ्यात सोपा: मुळासकट ठोंब लावा, कापताना बुंधा चार इंच राखा.